ऑफशोअर रेसिंग बोट: प्रॉपेलर, ड्राइव्हची उंची आणि गिअर यांचा मेळ कसा घालावा?

उधाण:
नमस्कार मंडळी. आमच्या संघाची बोट ३८ फुटी, खोल-व्ही (इंग्रजी V सारख्या खोल) आणि दोन पायऱ्यांच्या (आडव्या पायरीसारख्या खाचांच्या) तळाची असून तिच्यावर प्रत्येकी ७५० अश्वशक्तीची दोन पेट्रोल इंजिने आणि दोन स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीत, गिअर व प्रॉपेलरचा भाग पिछाडीबाहेर) आहेत. इंधन भरून आणि दोघे आत बसल्यावर वजन चार टनांच्या आसपास जाते. गिअर गुणोत्तर १.५ आहे, म्हणजे इंजिनाच्या दीड फेऱ्यांमागे प्रॉपेलरची एक फेरी होते. सध्या ३० इंच पिचचे (पिच म्हणजे एका फेरीत प्रॉपेलर न घसरता जितका पुढे जाईल ते अंतर), चार पात्यांचे क्लीव्हर (पाचरीसारख्या छेदाच्या पात्यांचे) प्रॉपेलर लावलेले आहेत. इंजिनांची मर्यादा मिनिटाला ६००० फेऱ्यांची आहे, परंतु सपाट पाण्यावर थ्रॉटल पूर्ण उघडूनही काटा ५७००च्या वर जात नाही आणि जीपीएसवर ताशी ९६ मैल दिसतात. लाटांमध्ये याच्या अगदी उलट घडते. बोट हवेतून खाली आली की प्रॉपेलर पाणी धरत नाहीत, फेऱ्या भसकन वर जातात आणि पुन्हा जोर येईपर्यंत पुढची लाट समोर उभी असते.

माझे प्रश्न दोन आहेत. पिच कमी करावा की ड्राइव्ह वर उचलावेत? आणि पुढच्या हंगामाआधी ड्राइव्हची मोठी दुरुस्ती करावी लागणारच आहे, तर त्याऐवजी सरफेस ड्राइव्हकडे (ज्यात प्रॉपेलर अर्धा पाण्याबाहेर फिरतो) वळणे योग्य ठरेल का?

पिचमोजणी:
आधी आकडे मांडू या. इंजिनाच्या फेऱ्यांना पिचने गुणावे आणि आलेल्या संख्येला गिअर गुणोत्तर व १०५६ यांच्या गुणाकाराने भागावे, म्हणजे स्लिप (प्रॉपेलरची पाण्यातली घसरण) शून्य धरून येणारा वेग ताशी मैलांत मिळतो. (एका मैलात ६३,३६० इंच असतात, त्यांना तासाच्या ६० मिनिटांनी भागले की १०५६ येतात.) तुमच्या बोटीसाठी ५७०० गुणिले ३०, भागिले १५८४, म्हणजे जवळपास १०८ मैल. प्रत्यक्षात ९६ मिळतात, तेव्हा स्लिप सुमारे ११ टक्के झाली. या जातीच्या बोटीसाठी हा आकडा वाईट नाही.

इंजिन ३०० फेऱ्या मागे आहे. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात, असा अनुभव आहे. त्या हिशेबाने २८ इंचांचे प्रॉपेलर लावल्यास इंजिन ६०००ला पोहोचेल. मात्र ६००० फेऱ्या आणि २८ इंच यांचा सैद्धांतिक वेग १०६ मैलच येतो, म्हणजे आजच्यापेक्षा कमी. स्लिप ११ टक्केच राहिली तर वेग ९४वर उतरेल. इंजिन मोकळे फिरेल, उठाव चांगला येईल, पण सरळ रेषेतला वेग वाढवायचा असेल तर स्लिप आणि पाण्याचा विरोध यांतूनच काहीतरी वसूल करावे लागेल.

शाफ्टवाला:
पिचमोजणी यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्या हिशेबात ड्राइव्हची उंची येत नाही, आणि माझ्या मते पहिला हात तिथेच घालायला हवा. प्रॉपेलर शाफ्टची मध्यरेषा बोटीच्या तळाच्या किती खाली आहे, हे आपण मोजले आहे काय? बोट बनवणाऱ्याने दिलेल्या कागदावरचा आकडा घेऊ नका. ड्राइव्ह एकदा उतरवून पुन्हा चढवले की तो बदललेला असू शकतो.

मोजण्याची रीत अशी. बोट ट्रेलरवर किंवा ठोकळ्यांवर पक्की बसवावी. तळाला, ट्रान्समजवळ (बोटीच्या मागच्या भिंतीजवळ) कण्याच्या रेषेत, एक लांब सरळ पट्टी लावून ती मागे ड्राइव्हखालपर्यंत न्यावी. मग ट्रिम (ड्राइव्हचा आत-बाहेर कोन) हळूहळू हलवत ड्राइव्ह अशा स्थितीत आणावा की शाफ्टच्या पुढच्या टोकापासून आणि मागच्या टोकापासून पट्टीपर्यंतचे अंतर अगदी सारखे भरेल. ही खरी शून्य ट्रिम; डॅशबोर्डवरच्या ट्रिमच्या काट्याखाली तिथे कायमची खूण करावी, कारण कारखान्यातून आलेला शून्य आणि हा शून्य पुष्कळदा जुळत नाहीत. आता शाफ्टच्या मध्यापासून पट्टीपर्यंतचे अंतर घ्यावे. दोन्ही ड्राइव्हसाठी स्वतंत्रपणे घ्यावे, आणि पाव इंचाचाही फरक निघाला तर आधी तो मिटवावा.

शाफ्ट जितका खाली, तितका गिअरकेसचा (ड्राइव्हच्या खालच्या गिअरपेटीचा) जाड भाग पाण्यात ओढला जातो. विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ९६ मैलांवर हा भुर्दंड मोठा असतो. ड्राइव्ह अर्धा इंच वर घेतला तर बहुधा प्रॉपेलर न बदलताच फेऱ्या आणि वेग दोन्ही थोडे वाढतील. मात्र वर घेताना इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या दाबावर डोळा ठेवावा लागतो. पाणी ओढण्याची छिद्रे ड्राइव्हच्या बाजूंना असतील तर ती पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढू लागतात. इंजिन गरम होण्याच्या बरेच आधी दाबाचा काटा थरथरू लागतो, आणि तो थरथरला की तिथेच थांबावे.

थ्रॉटलकर:
मी शर्यतीत थ्रॉटलवर बसतो, त्यामुळे माझे म्हणणे थोडे निराळे आहे. वर दोघांनीही सपाट पाण्यावरच्या आकड्यांवरून विचार केला आहे. ऑफशोअर शर्यतीत सपाट पाणी किती वेळ मिळते? उधाण यांची खरी तक्रार दुसऱ्या अर्ध्या भागात आहे: बोट खाली आल्यावर प्रॉपेलर पाणी धरत नाहीत. ताशी दोन मैल सपाट पाण्यावर कमावून प्रत्येक लाटेनंतर एक सेकंद गमावला, तर तो व्यवहार तोट्याचा आहे.

चार पात्यांच्या क्लीव्हरऐवजी पाच पात्यांचा घ्या. पात्यांची संख्या वाढली की कोणत्याही क्षणी पाण्यात असलेले पाते अधिक असते, प्रॉपेलर पाण्यात परत शिरताना लवकर पकड घेतो, आणि धक्केही लहान-लहान होत जातात. ५७०० फेऱ्यांना आपला शाफ्ट मिनिटाला ३८०० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ६३. चार पात्यांचा प्रॉपेलर सेकंदाला २५३ वेळा पाण्यावर आपटतो, पाच पात्यांचा ३१७ वेळा, पण प्रत्येक आपट त्या मानाने हलकी. बोट हवेत असताना मी थ्रॉटल मागे घेतोच, तरीही तो परत द्यायचा कधी, हे पाते पाणी किती भरवशाने धरते त्यावर ठरते. भरवसा नसला की हात आपोआप उशीर करतो. घाईने द्यावा, तर मोकळ्या फिरणाऱ्या प्रॉपेलरला एकदम पाणी लागते आणि तो सगळा धक्का गिअरमधून वर येतो. शाफ्ट मोडतात ते बहुधा याच क्षणी.

पाचवे पाते इंजिनावर जास्त भार टाकते, त्यामुळे पिच एक-दोन इंच खाली आणावा लागेल. सपाट पाण्यावर एखादा मैल जाईल. जाऊ द्यावा.

नवखा:
चर्चा छान चालली आहे. एक प्राथमिक शंका विचारतो. प्रॉपेलर पाण्याबाहेर निघाला किंवा त्याच्याभोवती हवा आली की कॅव्हिटेशन होऊन पाती खराब होतात, असे वाचले होते. मग सरफेस ड्राइव्हमध्ये अर्धा प्रॉपेलर मुद्दामच पाण्याबाहेर ठेवतात, तो कसा चालतो?

तळरेषा:
नवखा, यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. कॅव्हिटेशनमध्ये पात्याच्या पाठीवरचा दाब इतका उतरतो की थंड पाण्याचीच वाफ होते. ते बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. हवा ओढली जाणे ही दुसरी घटना आहे. पूर्ण बुडलेल्या प्रॉपेलरला अचानक हवा मिळाली तर पकड सुटते, हे खरे. परंतु पृष्ठभागावर चालणारा प्रॉपेलर प्रत्येक फेरीत वरून हवा घेऊनच पाण्यात शिरतो, त्याच्या पाठीमागची पोकळी वाफेऐवजी हवेने भरलेली असते आणि ती पात्यावर जोराने मिटत नाही, म्हणून खड्डे जवळजवळ पडत नाहीत. क्लीव्हरचा छेद म्हणूनच पाचरीसारखा असतो: पुढची कड धारदार, सर्वांत जास्त जाडी मागच्या कडेला, आणि ती कड सरळ कापलेली. पाण्याला ढकलण्याचे काम फक्त समोरची बाजू करते.

ही कल्पना नवी नाही. अल्बर्ट हिकमन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच आपल्या सी स्लेड बोटींना पृष्ठभागावर चालणारे प्रॉपेलर लावले होते. स्टर्नड्राइव्ह त्याहून बराच नंतरचा. जिम विन यांच्या कल्पनेवर आधारलेला व्होल्वो पेंटाचा अ‍ॅक्वामॅटिक १९५९ साली लोकांसमोर आला. आज ज्याला आपण सरसकट सरफेस ड्राइव्ह म्हणतो तो १९८०च्या दशकात हॉवर्ड आर्नेसन यांनी रूढ केला. याच गृहस्थांनी त्याआधी पोहण्याचे तलाव आपोआप साफ करणारे यंत्र बनवले होते, हे जाता जाता.

आता उधाण यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. स्टर्नड्राइव्हमध्ये शक्ती दोनदा काटकोनात वळते, एकदा ट्रान्सममागे खाली आणि एकदा पाण्यातल्या गिअरकेसमध्ये मागे. प्रत्येक वळणावर गिअरचे दाते, बेअरिंग आणि उष्णता यांचा खर्च असतो. ७५० अश्वशक्तीच्या इंजिनाचा पीळ ६००० फेऱ्यांना सुमारे ८९० न्यूटन-मीटर असतो, आणि १.५ गुणोत्तरानंतर प्रॉपेलर शाफ्टवर तो १३३०च्या पुढे जातो. हा भार गिअरकेसमधल्या लहानशा दात्यांनी पेलायचा असतो. आर्नेसन पद्धतीच्या ड्राइव्हमध्ये शाफ्ट ट्रान्सममधून सरळ मागे येतो, मधल्या सांध्यामुळे तो डावी-उजवीकडे व वर-खाली वळवता येतो आणि पाण्याखाली गिअर मुळी नसतातच. ताकदीच्या दृष्टीने ही रचना निःसंशय श्रेष्ठ आहे.

तरीही तुमच्या बोटीसाठी मी ती सुचवणार नाही. एक तर वजन ट्रान्समच्या बरेच मागे जाते, आणि पायऱ्यांचा तळ गुरुत्वमध्याच्या बाबतीत फार हळवा असतो. इंजिने पुढे सरकवल्याशिवाय तोल जमणार नाही, आणि इंजिने सरकवायची म्हणजे आतले आधार नव्याने बांधायचे. दुसरे म्हणजे, ड्राइव्हमध्ये गिअर नसल्यामुळे फेऱ्या कमी करण्याचे आणि उलट फिरवण्याचे काम इंजिनामागच्या गिअरबॉक्सला करावे लागते, त्याचे वजन व लांबी वेगळी. तिसरे, बोट पाण्यावर उचलली जाईपर्यंत असा प्रॉपेलर फार कमी जोर देतो, त्यामुळे वळणावर वेग पडला की परत उठायला वेळ लागतो. जिथे इंजिने मोठी, पीळ जबरदस्त आणि मार्ग लांब, विशेषतः डिझेल बोटींत, तिथे हा ड्राइव्ह शोभतो. तुमच्या बोटीत ड्राय संपचे (तेल वेगळ्या टाकीत ठेवणारे) भक्कम स्टर्नड्राइव्ह बसवून तेच उंच घेतले, तर सरफेस ड्राइव्हचा बराचसा फायदा तसाही पदरात पडेल, कारण शाफ्ट तळाच्या रेषेजवळ आला की प्रॉपेलरचा वरचा भाग वेगात हवेतच फिरत असतो.

शाफ्टवाला:
तळरेषा यांच्याशी सहमत आहे. त्यात एक भर घालतो. ड्राइव्ह आणि ट्रान्सम यांच्यामध्ये बसणारा जोडपेटीचा भाग तुमच्या बोटीला आहे का, ते कळवावे. ट्रान्सम सोडल्यावर तळाखालून आलेले पाणी मागे वर उसळते. ड्राइव्ह काही इंच मागे गेला की त्याला हे उसळलेले पाणी मिळते आणि तितकाच तो वर बसवता येतो. पेटी नसेल तर उंची वाढवायला मर्यादा लवकर येईल.

उधाण:
सर्वांचे आभार. पेटी आहे. सांगितल्याप्रमाणे पट्टी लावून मोजले असता उजवीकडचा शाफ्ट तळाखाली साडेतीन इंच आणि डावीकडचा सव्वातीन इंच निघाला. ट्रिमचा काटाही उजवीकडे शून्य दाखवत असताना ड्राइव्ह किंचित आत वळलेला होता. म्हणजे आजवर दोन्ही काटे जुळवून आम्ही प्रत्यक्षात दोन ड्राइव्ह वेगवेगळ्या कोनांत चालवत होतो.

आता उंची आणि प्रॉपेलर एकदमच बदलावेत का? चाचणीसाठी पाणी आणि वेळ दोन्ही मोजकेच मिळतात.

पिचमोजणी:
नाही, कृपया एकदम बदलू नका. उंची, पिच, पात्यांची संख्या यांपैकी दोन गोष्टी एकत्र बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही.

थ्रॉटलकर:
इथे माझा मतभेद आहे. चार पात्यांचा प्रॉपेलर ठेवून ड्राइव्ह वर घेतला, तर लाटांतली पकड आजच्यापेक्षा वाईट होणार हे उघड आहे, आणि मग त्या चाचणीवरून आपण उंचीलाच दोष देऊन मोकळे होऊ. उंची आणि पाते ही जोडी आहे. शास्त्रशुद्धता सपाट पाण्यावर पाळावी, लाटांत जोडीनेच तपासावे.

तळरेषा:
दोघांचेही म्हणणे पाळता येईल. सपाट पाण्यावर आधी फक्त उंची बदलून आकडे घ्यावेत, नंतर प्रॉपेलर बदलून पुन्हा घ्यावेत, आणि लाटांतली तुलना मात्र आजची मांडणी विरुद्ध शेवटची मांडणी अशीच करावी. वेग दोन्ही दिशांना जाऊन सरासरीने घ्यावा, नाहीतर प्रवाह आणि वारा आकड्यांत मिसळतात. इंधन शर्यतीइतकेच भरावे. ४०० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ३०० किलो भरते, आणि रिकाम्या टाकीवर सुंदर चालणारी बोट सुरुवातीच्या फेऱ्यांत नाक खाली घालून धावत असेल तर त्या चाचणीला अर्थ राहत नाही.

गिअर गुणोत्तराबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहितो. दुरुस्तीत १.३६चे गिअर घ्यावेत असा सल्ला कोणी दिला तर आधी हिशेब करा. ६००० फेऱ्यांना ११० मैलांचा सैद्धांतिक वेग हवा असेल तर १.५ गुणोत्तराला २९ इंच पिच लागतो आणि १.३६ला २६.३. कागदावर वेग एकच. १.३६मध्ये शाफ्टवरचा पीळ कमी होतो, म्हणून ड्राइव्ह जास्त टिकतो हे खरे, पण हळू फिरणारा, जास्त पिचचा प्रॉपेलर चार टनांची बोट लाटेतून बाहेर काढताना अधिक उपयोगी पडतो. हलक्या बोटीला मी वेगळे सांगितले असते.

उधाण:
चाचणीचे निकाल देत आहे. दोन्ही ड्राइव्ह समान करून शाफ्ट तळाखाली पावणेतीन इंचांवर आणले, म्हणजे डावीकडे अर्धा इंच आणि उजवीकडे पाऊण इंच वर घेतले. जुन्याच प्रॉपेलरांवर ५८०० फेऱ्या आणि ९८ मैल मिळाले. पाण्याचा दाब दोन्ही इंजिनांवर स्थिर राहिला. त्यानंतर २८ इंच पिचचे पाच पात्यांचे क्लीव्हर लावले, तेव्हा ५९८० फेऱ्यांना ९६.५ मैल.

लाटांमध्ये बोट खाली आल्यावर फेऱ्या आता क्षणभरच वर जातात आणि लगेच बसतात. आमच्या थ्रॉटलवाल्याचे म्हणणे असे की तो आता थ्रॉटल आधीच्या निम्म्याच अंतराने मागे घेतो. मात्र एक नवी गोष्ट जाणवली: वेगात नाक थोडे खाली राहते, आणि तेच ट्रिम ठेवून वळण घेतले तर पिछाडी बाहेर सरकू पाहते.

पिचमोजणी:
पहिल्या आकड्यांची स्लिप १०.८ टक्के येते, दुसऱ्यांची ८.७. म्हणजे वेग दीड मैलाने उतरला तरी पकड निश्चित सुधारली आहे. थ्रॉटलकर यांचे म्हणणे पटले, असे लिहायला हरकत नाही.

तळरेषा:
नाक खाली राहणे अपेक्षितच होते. क्लीव्हर मुळात पिछाडी उचलतो, आणि पाती वाढली की ती उचल आणखी वाढते. पण वळणावरची जी गोष्ट आपण लिहिली आहे ती गांभीर्याने घ्यावी. पायऱ्यांच्या तळाची बोट वळणाआधी थ्रॉटल झटकन सोडून ड्राइव्ह आत घेतला तर नाक पाण्यात रुतते, पायरीमागची हवा तुटते आणि बोट स्वतःभोवती फिरते. असे अपघात क्षणार्धात घडतात. वळणात शिरताना थोडी शक्ती चालू ठेवावी, ड्राइव्ह शून्याच्या खाली नेऊ नये, आणि ट्रिम टॅब (पिछाडीच्या तळाशी असलेल्या हलत्या पट्ट्या) दोन्ही बाजूंना समान व शक्यतो वर ठेवावेत. नाक उचलण्यासाठी आधी ड्राइव्हची ट्रिम थोडी बाहेर देऊन पाहा. तेवढ्याने भागले नाही तर जास्त रेक असलेल्या पात्यांचा, म्हणजे मागे अधिक कललेल्या पात्यांचा, जोड मागवावा. रेक वाढला की नाक वर येते.

नवखा:
दोन प्रॉपेलर आतल्या दिशेने फिरवावेत की बाहेरच्या, यावरही काही लिहाल का?

शाफ्टवाला:
दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध फिरले पाहिजेत, एवढे पक्के. अर्धवट बुडालेला प्रॉपेलर पिछाडीला एका बाजूला ढकलतो आणि विरुद्ध जोडीत ते बळ परस्पर फिटते. खोल-व्ही बोटीला मी वरची पाती बाहेरच्या बाजूला जातील अशीच मांडणी ठेवतो, कारण ती स्थिर वाटते आणि धक्क्याला लावताना हाताच्या सवयीप्रमाणे वळते. आत फिरवल्यावर काही बोटी वेग वाढवतात, पण सुकाणू चंचल झाल्याची तक्रारही त्यासोबत येते. उधाण यांच्या बोटीची वळणातली सवय पाहता सध्या तो प्रयोग नको.

उधाण, नवे प्रॉपेलर धक्के कमी देत असले तरी पकड वाढली म्हणजे गिअरवरचा भारही वाढला आहे. पुढच्या प्रत्येक चाचणीनंतर दोन्ही ड्राइव्हचे तेल काढून चुंबकी बूच पाहा. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असला तर ती नेहमीची झीज आहे. बोटांना टोचणारे कण हाती लागले तर तो ड्राइव्ह उघडल्याशिवाय शर्यतीला नेऊ नका. आणि दोन्ही बाजूंच्या सुकाणूचा आडवा दुवा हलवून पाहा. त्याच्या सांध्यात ढिलाई असेल तर वळणात दोन ड्राइव्ह वेगवेगळ्या दिशांना पाहतात, आणि पिछाडी सरकण्याचे निम्मे कारण तिथेच सापडू शकते.

उधाण:
डाव्या बाजूच्या सांध्यात ढिलाई आहे. आताच हाताने हलवून पाहिले. तो बदलून, रेक वाढवलेल्या जोडासह पुन्हा पाण्यात जातो आणि आकडे इथेच देतो.